मदत हवी आहे: आईच्या नागिणीच्या लशीचा दुसरा डोस, मुलुंड परिसर

आई ७२ वर्षांची, मधुमेह आहे पण साखर आटोक्यात. शिंग्रिक्सचा पहिला डोस घेऊन ५ महिने झाले. दुसरा २ ते ६ महिन्यांत घ्यायचा, म्हणजे हातात जेमतेम महिना. पहिला घेतला तिथे लस संपलीय, ‘पुढच्या आठवड्यात येईल’ ऐकत तीन आठवडे गेले. केमिस्ट मागवून देतो म्हणतात, पण ती २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. भर उन्हात रिक्षातून आणायची हिंमत होत नाही. बाबांना नागीण झाली तेव्हा सदरा नुसता घासला तरी कळवळायचे, म्हणून हा डोस चुकवायचा नाही. आईला गुडघ्यांमुळे स्टेशनचे जिने जमत नाहीत, खर्चाची तयारी आहे. मुलुंड ते घाटकोपर पट्ट्यात अलीकडे कुणाला ही लस कुठे मिळाली? घरी येऊन देणारं कुणी खात्रीचं आहे का?