२ लाख १२ हजार पळालेली बॉक्स्टर काढायची आहे. रोजच्या वापराला काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,

२००३ ची पोर्शे बॉक्स्टर एस विकायची आहे. ३.२ लिटर, सहा गिअर, मॅन्युअल, रनिंग २ लाख १२ हजार किलोमीटर. सर्व्हिसची बिलं पहिल्या वर्षापासूनची आहेत. क्लच १ लाख ४० हजारला बदललाय, पण तेव्हा आयएमएस बेअरिंगला, म्हणजे इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगला, कुणी हात लावलेला नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याशी ओलसर दिसतं, खाली थेंब पडत नाही. क्लच आता पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर पकडतो.

विकण्याआधी बेअरिंग बदलून घ्यावं का? आणि नवी गाडी कुठली घ्यावी? रोज ९ किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. मुलाची सीट मागे बसायला हवी. गाडी रस्त्यावर उभी राहते, म्हणजे घरी चार्जिंग नाही.

———

पुनः

ताई, बेअरिंगचं ठरवण्याआधी ऑइल फिल्टर उघडून बघा. या इंजिनात तो प्लॅस्टिकच्या वाटीत बसणारा कागदी फिल्टर आहे, पत्र्याचा डबा कापत बसावं लागत नाही. वाटीच्या तळाशी उरलेलं ऑइल स्वच्छ भांड्यात ओता. कागद दोन्ही टोकांना ब्लेडने सोडवा, घड्या पांढऱ्या कापडावर उलगडा, निथळू द्या आणि उन्हात तिरपा धरून बघा. मग त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतात ते चमकते कण पोलादाचे, आणि भीती त्यांचीच. चिकटत नाहीत ते बहुतेक ॲल्युमिनियमचे. तपकिरी किंवा काळे प्लॅस्टिकचे तुकडे टायमिंग चेनच्या गाइडचे असतात. एवढ्या रनिंगला एखाददुसरा निघाला तर घाबरायचं कारण नाही.

पोलाद निघालं तर बेअरिंग बदलू नका. ते कण एव्हाना ऑइलबरोबर सगळ्या इंजिनात फिरलेले असतात, नवं बेअरिंग त्याच कचऱ्यात बसेल. तशी गाडी फिल्टरचा फोटो दाखवूनच विकायची.

फिल्टर स्वच्छ असेल तर पुढचा प्रश्न क्लचचा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर चौथ्या गिअरमध्ये, २,००० आरपीएमला, चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. मग गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. आयएमएस बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील, म्हणजे आरएमएस, दोन्ही फ्लायव्हीलच्या मागेच आहेत. खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची, म्हणून क्लच, सील आणि बेअरिंग एकदमच करायचं. नुसता क्लच बदलून विकणं हा सगळ्यात वाईट सौदा. घेणाऱ्याला बेअरिंगसाठी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागणार, आणि त्याचा मेकॅनिक त्याला ते पहिल्याच मिनिटाला सांगणार.

बेअरिंग बदलणाऱ्याला एक विचारा: कॅम लॉक करून आणि चेनचे टेन्शनर सैल करूनच जुनं बेअरिंग काढणार ना? तसं केलं नाही तर चेनच्या ताणाने शाफ्ट एका बाजूला ओढला जातो आणि टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, उडी मारतं.

क्लच घसरत नसेल तर माझं मत आहे तशीच विका. खर्च केलेले पैसे किमतीत पूर्ण वसूल होत नाहीत.

———

पुनः

काकांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. २००१ ते २००५ च्या इंजिनांत एका ओळीचं बेअरिंग आहे. त्यातलं ग्रीस सीलच्या आत बंद असतं. सील कडक झालं की ऑइल आत शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं, पण पुरेसं नवं ऑइल आत फिरत नाही. बेअरिंग गेलं की टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. हे घेणाऱ्याला पाठ असतं. 'आयएमएस केलंय का?' याला 'नाही' म्हटलं की निम्मे लोक गाडी बघायलाच येत नाहीत. ताईंना घाई नसेल आणि फिल्टर स्वच्छ असेल तर तिन्ही कामं करून, काढलेलं बेअरिंग पिशवीत घालून बिलाबरोबर ठेवावं. हाताने फिरवलं की ते गुळगुळीत चालतं की खरखरतं हे घेणाऱ्याला स्वतः कळतं. याहून चांगला पुरावा नाही.

दुसरं, ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, ओव्हररेव्ह रिपोर्ट काढून घ्या. इंजिन मर्यादेपर्यंत किंवा तिच्याही वर किती फिरलं याची त्यात नोंद असते. पोर्शेची गाडी नीट वाचणारं स्कॅनर असलेलं कुठलंही गॅरेज तो देईल. रेंज १ म्हणजे रेव्ह लिमिटरला, इंजिनाला ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ न देणाऱ्या मर्यादेला, टेकणं. त्याचे आकडे हजारांत असले तरी चालतं. रेंज २ म्हणजे लिमिटरच्याही वर. ते चुकीच्या खालच्या गिअरमध्ये टाकल्यावरच होतं, कारण तेव्हा चाकं इंजिनाला फिरवतात आणि लिमिटर काही करू शकत नाही. इंजिन एकूण किती तास चाललं तेही तिथेच मिळतं. किलोमीटरला तासांनी भागा. उत्तर ४० ते ६० च्या आसपास आलं की मीटर खरं आहे हे दाखवायला दुसरं काही लागत नाही.

विक्रीच्या आदल्या दिवशी फॉल्ट कोड मात्र पुसू नका, बॅटरीही काढू नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या खुणा, शून्यावर जातात आणि खिशात ओबीडी रीडर (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं छोटं यंत्र) घेऊन आलेल्या माणसाला वाटतं की काहीतरी लपवलंय.

———

पुनः

धन्यवाद. फिल्टर बघितला: पोलाद नाही, प्लॅस्टिकचे दोन बारीक तुकडे. चौथ्या गिअरमध्ये क्लच घसरत नाही. रिपोर्ट: एकूण ४,३०० तास. रेंज २ मध्ये २१२, शेवटची नोंद १,८७० तासांना. हे वाईट आहे का?

———

पुनः

अजिबात नाही. तो आकडा फेऱ्यांचा नाही, स्पार्कचा आहे. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत तीन स्पार्क पडतात. ७,८०० आरपीएम धरलं तर सेकंदाला १३० फेऱ्या, म्हणजे ३९० स्पार्क. २१२ म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास, आणि तेही २,४३० तासांपूर्वी. तुमची सरासरी ताशी ४९ येते, म्हणजे त्यानंतर गाडी १ लाख १९ हजार किलोमीटर नीट पळाली. व्हॉल्व्ह वाकायचा असता तर तेव्हाच वाकला असता. हा हिशेब जाहिरातीतच लिहा, कुणी विचारायची वाट बघू नका.

ही छोटी कामं मात्र करून घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. हलकी ओढ लागली तर ठीक. झाकण हाताला सोडतच नसेल तर एअर-ऑइल सेपरेटरचा (इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं करणाऱ्या भागाचा) पडदा फाटलाय आणि एक दिवस स्टार्टला पांढऱ्या धुराचा लोट निघेल. पुढच्या बंपरमागे दोन्ही कोपऱ्यांत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत पानं साचून कुजतात, ती काढा. छताच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करा. त्या तुंबल्या की पाणी सीटखालच्या इमोबिलायझरच्या डब्यात जातं आणि गाडी चालूच होत नाही. एका ॲक्सलवरचे दोन टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे हवेत. घेणारा बघायला येईल तेव्हा इंजिन थंड असू द्या. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बघून जाणता माणूस परत जातो.

डीलरला देऊ नका. तो किलोमीटर बघून भाव करतो, तुमच्या बिलांच्या फाइलला त्याच्याकडे किंमत नाही. उघड्या छताची गाडी थंडी संपता संपता जाहिरातीत टाकावी. आणि पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेकडून कळल्याशिवाय किल्ली आणि मालकीचे कागद हातातून सोडू नका.

———

पुनः

नव्या गाडीबद्दल लिहिते. ताई, ताकद किती ते नंतर बघू, आधी तुमचे ९ किलोमीटर बघू. कूलंटचा काटा मधे आला तरी ऑइल अजून थंडच असतं. त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जायच्या आतच तुम्ही गाडी बंद करणार. म्हणून डिझेल बाद. एवढ्या अंतरात त्याचा काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करायला वेळच मिळत नाही. छोटं टर्बो, डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिनही अशा वापरात ऑइलमध्ये पेट्रोल साठवतं. तेच घेतलं तर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर ऑइल बदलायचं.

घरी चार्जिंग असतं तर मी डोळे मिटून इलेक्ट्रिक सांगितली असती. १८ किलोमीटरला तीन युनिटच्या आसपास लागतात, साध्या प्लगवर दीड तासाचं काम. पण रस्त्यावरच्या पार्किंगला तो रोजचा त्रास होईल.

राहिल्या दोन. २०१९ नंतरची टोयोटा कोरोला हायब्रिड, नाहीतर २०१४ ते २०१८ ची मझदा ३, दोन लिटरची. कोरोलात वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. तिच्या गिअरबॉक्सला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) म्हणतात, पण आत पट्टा नसून प्लॅनेटरी गिअरचा संच आहे, त्यामुळे पट्ट्याच्या सीव्हीटीचे दोष तिला लावू नका. मझदात टर्बो नाही, टायमिंग चेन आहे, गिअरबॉक्स नेहमीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक किंवा मॅन्युअल. बॉक्स्टरच्या स्टिअरिंगची सवय झालेल्या हाताला मझदा जवळची वाटेल. तरी या रोजच्या अंतराला मी कोरोला घेईन. मुलाची सीट घेऊनच गाडी बघायला जा आणि ती मागे तोंड करून बसवून बघा. मग पुढची सीट तुमच्या उंचीला लावा; पाय आखडले तर मझदा तिथेच बाद होते.

सेकंडहँड हायब्रिड घेताना मागच्या सीटजवळची जाळी बघा. हाय व्होल्टेज बॅटरीचा पंखा तिथून हवा ओढतो. कुत्र्याचे केस आणि धूळ बसून ती बुजलेली असेल तर बॅटरी गरम राहिलेली आहे, ती गाडी सोडा. चाकांच्या फटीतून ब्रेक डिस्कही बघा. थोड्या अंतराच्या वापरात ब्रेकिंग बरंचसं मोटरच करते आणि डिस्क गंजून पट्टे पडतात. घेतल्यावर रोज एकदा, मागे कुणी नसताना, वेगात न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक दाबा, म्हणजे पॅड डिस्कवर घासून ती स्वच्छ राहते.