मोंबासाचा फोर्ट जीझस आणि वसईत बांधलेलं जहाज : कसं जायचं, काय बघायचं?

घोडबंदर
जानेवारीत आठ दिवस नैरोबी, त्यातले दोन केनियाच्याच किनाऱ्यावरच्या मोंबासासाठी काढलेत. ‘सांतो आंतोनियो द ताना’ हे वसईत बांधलेलं पोर्तुगीज जहाज तिथे किल्ल्यासमोर बुडालं, त्याचे अवशेष किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत असं वाचलं.
जहाज प्रत्यक्ष दिसतं का? किल्ल्याला वेळ किती ठेवावा? नैरोबीहून रेल्वे बरी की विमान? सोबत 66 वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे.

नाखवा
जहाज दिसत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे हिरमोड नको. 1976 ते 1980 या काळात पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी ते उकरलं, सांगाड्याची मोजमापं आणि रेखाटनं केली आणि सांगाडा पुन्हा वाळूखाली झाकला. तीनशे वर्षं पाणी प्यायलेलं लाकूड वर काढून नुसतं सुकू दिलं तर आक्रसतं, चिरफळतं. ते टिकवायला पाण्याच्या जागी मेणासारखं रसायन मुरवत ठेवावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात. वाळूत हवा पोचत नाही, लाकूड पोखरणारे किडेही नाहीत, म्हणून ते तिथेच जास्त सुखरूप.

दालनात आहेत त्या जहाजावरच्या वस्तू : चिनी मातीची भांडी, रांजण, खलाशांचं सामान. घाईने पुढे सरकू नका. समुद्रातून निघालेल्या लोखंडी वस्तूवर चुना, वाळू आणि गंज यांचा दगडासारखा थर बसतो. आतलं लोखंड पुष्कळदा पार झिजून गेलेलं असतं आणि थराच्या पोटात फक्त त्याचा साचा उरतो. मीठ नीट काढलं नाही तर कपाटात ठेवलेली वस्तूसुद्धा काही वर्षांत पापुद्रे सोडते. हे डोक्यात ठेवून बघितलं की साधा वाटणारा तुकडाही वेगळा दिसतो.

संग्रहालयासकट किल्ल्याला अडीच-तीन तास धरा.

मुचकुंद
जहाज ओमानी तोफांनी बुडवलं असं बरेच गाईड सांगतात. ते इतकं सरळ नाही. पोर्तुगीजांच्या या किल्ल्याला ओमानी वेढा मार्च 1696 ला पडला आणि डिसेंबर 1698 ला किल्ला पडला. मधे, 1697 च्या सप्टेंबरात हे जहाज कुमक घेऊन आलं. ऑक्टोबरमध्ये नांगराचे दोर तुटून ते खडकावर चढलं, सुकाणू गेलं आणि मग बुडालं. चाळीसहून जास्त तोफांचं सागवानी जहाज. नावातलं ‘ताना’ म्हणजे आपलं ठाणे, पोर्तुगीज तसंच म्हणत.

किल्ला 1593 ते 1596 मधला. आराखडा मिलानच्या जोव्हानी बात्तिस्ता कैराती याचा. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या तटबंद्यांचं काम तो गोव्यातून बघायचा. वरून बघितलं तर आकार आडव्या माणसासारखा आहे म्हणतात, पण जमिनीवरून ते कळत नाही, शोधण्यात वेळ घालवू नका. भिंतीवर खलाशांनी रेखाटलेली जहाजांची चित्रं मात्र चुकवू नका.

नाखवा
माहितीबद्दल धन्यवाद.
गुडघ्यांचं सांगायचं राहिलं. मधलं पटांगण जवळपास सपाट आहे, संग्रहालयही तिथून गाठता येतं. त्रास बुरुजांवर आणि समुद्राकडे उतरणाऱ्या कमानींच्या वाटेत होईल. तिथे पायऱ्या उंच आहेत, कठडा सगळीकडे नाही. किल्ला प्रवाळाच्या दगडाचा, सावली कमी, अकरानंतर अंग भाजतं. सकाळी आठला दार उघडलं की आत जा, बुरूज आधी उरका आणि संग्रहालय उन्हाच्या वेळेसाठी ठेवा.
गाईड प्रवेशद्वाराबाहेरच घेरतात. ओळखपत्र बघा, आणि पैसे माणशी की सगळ्यांचे मिळून, हे आधी ठरवून घ्या. भांडण होतं ते यावरूनच.

सागरगोटे
रेल्वेच घ्या. सुमारे पाच तास लागतात आणि वाटेत साव्होच्या जंगलात हत्ती दिसू शकतात. दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली : तिकिटाचे पैसे बहुतेक जण मोबाइलवरून (एम-पेसा) भरतात, त्यासाठी स्थानिक सिम लागतं, आणि सिमला पासपोर्ट लागतो. दुसरी : किल्ला मोंबासा बेटावर आहे, स्टेशन मात्र मिरितिनीला, बेटाबाहेर. किल्ल्यापर्यंत टॅक्सीला गर्दीच्या वेळी तासभर लागू शकतो. नैरोबीला स्टेशनवर सामान तपासायला वेळ लागतो, गाडीच्या तासभर आधी पोचा.

आता जे कुणी विचारलं नाही ते : पीतज्वराची लस. केनियाहून परतताना भारतात या लशीचं पिवळं प्रमाणपत्र बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस फक्त अधिकृत केंद्रात मिळते, पासपोर्ट लागतो आणि ग्राह्यता टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून सुरू होते. म्हणून निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीनंतर या लशीचे दुष्परिणाम जास्त गंभीर होऊ शकतात, म्हणून सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांशी बोला. त्यांनी सूट लिहून दिली तर परत आल्यावर काय होणार, हे विमानतळाच्या आरोग्य कार्यालयात आधी विचारून ठेवा.

प्रवेश-परवाना ऑनलाइन काढायचा. आणि सामानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, 2017 पासून केनियात बंदी आहे.

घोडबंदर
लस डोक्यातच नव्हती. सोमवारीच केंद्रावर चौकशी करतो. बुरूज मी एकटा बघेन, सासूबाई संग्रहालयात बसतील.

मुचकुंद
बाकी बाजारात ‘पेसा’, ‘दुका’, ‘गारी’, ‘चपाती’ कानावर पडेल. स्वाहिली आहे, पण या शब्दांना दुभाषी लागणार नाही.