वसतिगृहातला जुना अत्याचार: ३० वर्षांनी खटला व्हावा का?

महालकर
माझा मावसभाऊ १९९१ साली, अकरा वर्षांचा असताना, नागपुरातल्या एका वसतिगृहात होता. दिवाळीला घरी आला की खोलीत झोपायचा नाही, उंबऱ्यापाशी चटई टाकायचा. कारण गेल्या उन्हाळ्यात सांगितलं. रेक्टर रात्री खोलीत बोलावून आतून कडी लावायचा.

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला. त्याआधी मुलग्याच्या अंगाशी केलेल्या चाळ्यांना वेगळं कलमच नव्हतं. भारतीय दंड संहितेतलं अनैसर्गिक संभोगाचं कलम ३७७ बसलं नाही तर उरते साधी मारहाण, आणि तिच्या खटल्याची मुदत एक वर्ष. पाचवीतल्या पोरानं वर्षभरात ठाणं गाठायचं होतं का? लहानपणीच्या अशा गुन्ह्यांची मुदतच काढून टाका.

कोर्टात जाणारा
भाऊ, वाचून त्रास झाला. तरी बोलतो. राज्यघटनेचं कलम २०(१) सांगतं, शिक्षा गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यानंच. पोक्सो मागे नेता येणार नाही. ३७७ ला तर तेव्हाही मुदत नव्हती, आणि इतर गुन्ह्यांत कोर्ट उशीर माफ करू शकतं. अडतं पुराव्यावर. हजेरीपट रद्दीत, साक्षीदार वारलेले. उद्या एखादा निर्दोष म्हातारा अडकला तर?

अजनीवाली
आणि पुरावा असला की न्याय मिळतो? मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये, कपड्यांवरून हात लावला म्हणून, पोक्सोखालची शिक्षा काढली होती. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल त्याच नोव्हेंबरात फिरवला. ताज्या केसमध्ये हे, तर १९९१ ची काय गत?

म्हणून मी खटल्याच्या भरवशावर नाही. ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या अशाच जुन्या अत्याचारांवर २०१३ ते २०१७ चौकशी आयोग बसला, जुलै २०१८ पासून पीडितांसाठी भरपाई योजना आली. कमाल दीड लाख डॉलर, आणि फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. आपल्याकडे काहून नाही?

कोर्टात जाणारा
भरपाईला माझा विरोध नाही. पण पैसे संस्थेकडून घेणार असाल तर तिचंही ऐकून घ्यावं लागेल. शिवाय पैसे देऊन संस्था मोकळी आणि तो माणूसही मोकळा, हे चालेल तुम्हाला?

अजनीवाली
नाही चालणार. पण आज दोघंही फुकटात मोकळे आहेत जी.

महालकर
काल भावाला हे सगळं वाचून दाखवलं. पैशांवर काही बोलला नाही. हजेरीपट रद्दीत गेला, या ओळीवर थांबला. म्हणाला, तो तेवढा मिळेल का बघ. त्या खोलीत त्याच्याआधी दोन पोरं जायची. त्यांची आडनावं त्याला आठवत नाहीत.