बिल्ड टाइमचा अंदाज एवढा का गंडतो?

छप्पन_निशाचर: मंडळी, जेंटू लिनक्सवर क्रोमियम ब्राउझर बिल्डला (सोर्स कोडपासून बनवायला) लावलंय, वेळेचा अंदाज सांगणारा जेनलॉप म्हणाला अडीच तास, म्हणून निवांत छप्पन दुकानला (इंदूरची खाऊगल्ली) जाऊन खाऊनपिऊन आलो तर दिलेली वेळ केव्हाच उलटून गेलेली आणि हे आपलं चालूच. असंच असतं का? लॅपटॉपची रॅम १६ जीबी, जॉब (एका वेळी चालणारी कामं) १६.

तुकोगंज_टर्मिनल: अरे भिया, जेनलॉपला ज्योतिष येत नाही, इमर्जच्या (जेंटूचं पॅकेज बसवणारं टूल) लॉगमधे मागच्या वेळी किती लागला ते बघून सरासरी सांगतो, बस. मधे तू जीसीसी कंपायलर बदललास, एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन) चालू केलंस, बाजूला ब्राउझर उघडा ठेवलास, ह्यातलं त्याला काही कळत नाही. आणि क्रोमियम दर व्हर्जनला फुगतंच.

सीप्लसप्लसवाली: आणि बिल्ड चालवणाऱ्या निंजाचा किती झालं सांगणारा आकडा बघून पण फसू नका, तो कामं मोजतो, मिनिटं नाही. चार ओळींची सी फाइल पण एक आणि टेम्प्लेटनी ठासून भरलेली सीप्लसप्लस फाइल पण एकच. शेवटी लिंकिंग (सगळे तुकडे जोडणं) आलं की एकच प्रोसेस रॅम खात बसते, बाकीचे कोर रिकामे, पडद्यावर मात्र ९९ टक्के!

तुकोगंज_टर्मिनल: मुख्य लोचा रॅमचाच आहे, जॉबमागे २ जीबी तरी धर, १६ जॉब म्हणजे ३२. रॅम संपून स्वॅपमधे (डिस्कवर) गेला की सगळे अंदाज बोंबलले. वर इंदूरचा मे महिना, तापला की प्रोसेसर आपोआप स्पीड कमी करतो.

छप्पन_निशाचर: बरं, जॉब सहावर आणून कूलरसमोर ठेवतो.

सीप्लसप्लसवाली: कूलरसमोर नको रे बाबा, दमट हवा असते ती! पंखा लाव.