भक्ती बर्वे : तुम्ही त्यांना कुठे आणि कसं पाहिलंत?

मंडळी, अभिनेत्री भक्तीताईंना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर अपघात झाला तेव्हा त्या जेमतेम ५२ वर्षांच्या होत्या. ज्यांनी त्यांना स्टेजवर पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा, कारण नाटक एकदा संपलं की ते बघणाऱ्याच्या आठवणीतच उरतं.

माझ्यापासून सुरुवात. 'ती फुलराणी' शिवाजी मंदिर नाट्यगृहात आईबरोबर पाहिलं. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून पुलंनी ते लिहिलं, १९७५ साली आलं, हे सगळं नंतर कळलं, तेव्हा फक्त त्यांची मंजुळा, नाटकाची नायिका, दिसत होती. धडा शिकवण्याचं ते स्वगत सुरू झालं आणि राग, अपमान, मधेच स्वप्नरंजन, परत राग असं सगळं एका दमात, आणि तरी शेवटच्या रांगेत एकेक अक्षर स्पष्ट ऐकू येत होतं. टाळ्या थांबेचनात.

+१. मी स्पर्धेसाठी तेच स्वगत बसवलं होतं म्हणून सांगते, सगळ्या मुली पहिल्याच वाक्याला ओरडतात आणि मग पुढे चढायला जागाच राहत नाही. भक्तीताई खालून सुरू करायच्या, राग आत ठेवून, आणि शिकवलेली शुद्ध भाषा बोलणारी मंजुळासुद्धा आतून तीच फुलं विकणारी पोरगी आहे हे विसरू द्यायच्या नाहीत. माझ्या मते खरी कमाल ती आहे, नुसते उच्चार बदलणं कोणालाही जमेल.

आमच्या घरी त्या आधी दूरदर्शनवाल्या भक्ती बर्वे होत्या!! मुंबई केंद्रावर बातम्या द्यायच्या तेव्हा आजोबा आवाज वाढवायला सांगायचे, म्हणायचे मराठी कसं बोलावं ते ऐका.

'आई रिटायर होतेय' बद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? अशोक पाटोळेंचं नाटक. घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई. आम्ही सगळं कुटुंब गेलो होतो, पहिल्या अंकात हसत होतो आणि नंतर शेजारी माझी आई रडत होती, बाबा गप्प. घरी आल्यावर बाबांनी न सांगता ताटं उचलली, आणि पुढेही उचलत राहिले. त्या भूमिकेत त्यांनी कुठेही बिचारेपणा आणला नाही, म्हणून ते आमच्या घरापर्यंत पोचलं.

मी नंतरच्या पिढीतला, स्टेजवर बघायला मिळालंच नाही. 'जाने भी दो यारों' (१९८३) मधली संपादक शोभा सेन एवढीच माझी ओळख. सगळे धमाल करतायत आणि ही बाई थंड डोक्याने, गोड बोलून सौदा करतेय. सिनेमाने त्यांना फार कमी वापरलं असं मला मनापासून वाटतं.

पटलं नाही दादा. सिनेमे कमी मिळाले हे खरं, पण त्यांना हवं होतं ते नाटक, आणि १९९० ला संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला तो रंगभूमीसाठीच. 'पु.ल., फुलराणी आणि मी' हा कार्यक्रम त्या एकट्या करायच्या, तो कोणी पाहिला असेल तर सविस्तर लिहा ना.