प्रतिसाद: भावाचं मुखत्यारपत्र आणि नाशिकचा दावा

न्यू जर्सीतल्या भावाला वाटणीच्या दाव्यासाठी तुमच्या नावे मुखत्यारपत्र करायचंय, आणि वर बहुतेकांनी लिहिलंय की दूतावासाचा शिक्का बसला की काम झालं. तेवढ्यावर थांबू नका. तिथल्या नोटरीसमोर सही करून अपोस्टिल (दस्त दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून तिथलं सरकार देतं ते प्रमाणपत्र) घेतलं तरी चालतं. अपोस्टिल मान्य करणाऱ्या देशांच्या हेग करारात भारत २००५ पासून आहे.

खरी घाई पुढे आहे. परदेशात केलेल्या दस्ताला तो महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. म्हणून कुरियरचं पाकीट जपून ठेवा, पोहोचल्याची तारीख दाखवायला ते कामी येतं. मजकुरात ‘सर्व मालमत्ता’ असं मोघम नको. गाव, तालुका, गट नंबर सातबाऱ्यावर आहे तसाच उतरवा, दाव्याचा नंबर घाला, तडजोडीचा अधिकार द्यायचा असेल तर तोही स्पष्ट लिहा.

साक्षीबद्दल मात्र भावाशी आत्ताच बोला. जे फक्त त्यालाच ठाऊक आहे, त्याची साक्ष मुखत्यार म्हणून तुम्हाला देता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच तसं सांगितलंय. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घ्यावी असा अर्ज करता येतो, वकिलांना तो वेळेत द्यायला सांगा.