नानांच्या झांक्या, बोरिंगची मोटर आणि बंटीचा हत्ती

नानाकाका ए-१०२: नमस्कार मंडळी. आपल्या गणेशोत्सवाचं पेज काल रात्रीपासून उघडत नाहीये. नियम मोडलेत म्हणे. कसले नियम? गणपतीचे फोटो, आरतीचे फोटो आणि माझे इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या झांक्यांचे, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतल्या चित्ररथांचे, ८३ ते ९१ पर्यंतचे, बाकी होतं काय त्यात? मूळ अल्बम वाळवीने खाल्ला हे सगळ्यांना माहीत आहे. फोन कोणाला करायचा तेवढं सांगा.

सेक्रेटरी: बोरिंगची मोटर पुन्हा जळली आहे. वाइंडिंगसाठी प्रत्येक फ्लॅट ३५० रु. आज संध्याकाळपर्यंत. नर्मदेचं नळाचं पाणी आता उद्याच येणार.

मोनू भिया: नाना तिथे फोन उचलायला माणूसच नसतो. तक्रार मशीन घेतं, निकालही तेच देतं 😄

बंटी: नाना मी दिवाळीपासून बोंबलतोय पण इथे ऐकतं कोण. दुसऱ्याच्या ओसरीवर सामान ठेवलं की तो म्हणेल तेव्हा उचलावं लागतं. ऑर्कुट २०१४ ला गेलं, गूगल प्लस २०१९ ला, आपलं देशी कू २०२४ ला, दरवेळी लोकांचे फोटो गेले मित्र गेले आणि आपण परत पुढच्या ओसरीवर. मॅस्टोडॉनवर या ना, ट्विटरसारखंच आहे. ते कोण्या एका कंपनीचं नाहीच, २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोख्कोने सुरू केलं, सर्व्हर वेगवेगळे, चालवणारे वेगवेगळे, कुठे एखादी संस्था तर कुठे एकटा माणूस, तरी या सर्व्हरवरचा त्या सर्व्हरवरच्याशी बोलतो. ईमेलचंच बघा, तुमचं एकीकडे माझं दुसरीकडे, पत्र पोचतंच ना?

शैलाकाकू: बंटी हे तेच का रे हत्तीवालं? २०१९ च्या नोव्हेंबरात तूच माझ्या फोनमध्ये घातलं होतंस. सुप्रीम कोर्टातले ते हेगडे वकील, त्यांचं ट्विटरचं खातं बंद केलं म्हणून सगळे तावातावाने तिकडे निघाले होते. मी आठ दिवस रोज सुप्रभात टाकलं. एकाने जर्मनमध्ये उत्तर दिलं.

मोनू भिया: काय लिहिलं होतं काकू

शैलाकाकू: मला काय कळतंय. मी हात जोडले 🙏

बंटी: काकू तुम्ही आठ दिवसात सोडलंत. २०२२ ला मस्कने ट्विटर घेतल्यावर परत खूप लोक आले.

शैलाकाकू: आले असतील बाबा. आमच्या भिशीतली एकही आली नाही.

अप्पा बी-२०३: स्वदेशी वापरा. अरट्टई. व्हॉट्सअ‍ॅपसारखंच. चेन्नईच्या झोहोचं आहे.

बंटी: अप्पा तेही एकाच कंपनीचं. मालक दिल्लीत की चेन्नईत की अमेरिकेत हा मुद्दाच नाही.

अप्पा बी-२०३: म्हणजे जर्मनांचं चालेल आणि आपलं नको. छान. सरकारने मे २०२३ मध्ये १४ अ‍ॅप बंद केली त्यात तू आम्हाला सुचवलेलं एलिमेंटसुद्धा होतं, विसरलो नाही मी.

बंटी: जर्मनांचं नाही हो, कोड सगळ्यांना खुला आहे, उद्या सुदामानगरात सर्व्हर लावा की, तो इंदूरचाच.

सेक्रेटरी: बोरिंगची मोटर जळली आहे. प्रत्येक फ्लॅट ३५० रु. कृपया विषयांतर नको.

मोनू भिया: विषय नानांच्या पेजचा होता साहेब, मोटर तुम्ही आणली 😂 आणि एकाच्या हातात सगळं असलं की काय होतं ते मला विचारा. या ग्रुपला अ‍ॅडमिन एकच. रंगपंचमीला गेरचा, रंगांच्या मिरवणुकीचा, व्हिडिओ टाकला म्हणून ११ दिवस बाहेर होतो.

सेक्रेटरी: एक नाही, ४० होते. पहाटे ५ वाजता. माझ्याकडे मोजलेले आहेत.

मोनू भिया: गेर राजवाड्याची असते भिया, ती काय एका व्हिडिओत मावते का

वहिनी सी-१०१: भांडू नका. बंटीभाऊजी, खरंच विचारते, तो सर्व्हर सांभाळतो कोण? त्यावर कोणी घाण टाकली तर काढतो कोण? वीज-भाड्याचे पैसे?

बंटी: ज्याचा सर्व्हर तो. बहुतेक लोक देणगीवर चालवतात. नियमही त्याचेच, पटले नाहीत तर दुसऱ्या सर्व्हरवर जायचं. वहिनी असं धरा की कंपनीचं पेज म्हणजे नर्मदा लाइन, ते सोडतील तेव्हा पाणी, एक दिवस आड. हे म्हणजे स्वतःचं बोरिंग.

वहिनी सी-१०१: आणि मोटर जळली की?

अप्पा बी-२०३: 😂😂 वहिनींनी बरोबर पकडला.

सेक्रेटरी: ३५० रु.

बंटी: हसा. मोटर जळते हे मान्य. पण आपली मोटर आपण दुरुस्त करू शकतो, नर्मदेच्या पाइपाला हात लावता येतो का?

वहिनी सी-१०१: ते ठीक. पण त्या सर्व्हरवाल्याने उद्या दुकान बंद केलं तर? सगळ्यांना जमतं का दुसरीकडे जायला?

बंटी: वेळेत सांगितलं तर जाता येतं. फॉलो करणारे आपोआप नव्या खात्याकडे वळतात.

वहिनी सी-१०१: आणि फोटो?

बंटी: जुन्या पोस्ट येत नाहीत. डाउनलोड करून ठेवता येतात.

नानाकाका ए-१०२: म्हणजे तिथे असते तरी गेलेच असते.

बंटी: नाना, डाउनलोड केले नसते तर हो, गेले असते. आधी हे सांगायला हवं होतं मी. पहिली प्रत आपल्याच हार्डडिस्कवर हवी, घरात दोन ठिकाणी. मग पिक्सेलफेडवर टाका, फोटोंसाठी तेच बरं, तेही याच जाळ्यातलं, मॅस्टोडॉनवाल्यांनाही दिसतं. आणि मग हवं तर कंपनीच्या पेजवर, लोक तिथे आहेत म्हणून.

अप्पा बी-२०३: हे आधीच बोलला असतास तर मी अरट्टई काढलंच नसतं.

मोनू भिया: काढलं असतंत

नानाकाका ए-१०२: ८६ सालची झांकी होती, ऐरावत. सोंड हलायची. लोकांना वाटायचं मोठी मशीन आहे. आत सायकलची चेन होती आणि पॅडल मारायला आमचा मेहुणा, बनियनवर, रात्रभर. वर बल्ब इतके की आत भट्टी. जेल रोडपर्यंत आला की मी कापड वर करून पाणी द्यायचो. तो एक फोटो होता, कापड वर केलेलं आणि त्याचा फक्त हात बाहेर, लोटा धरलेला. ९१ च्या डिसेंबरात मिल बंद पडली, नंतर मेहुणाही गेला. तेवढा एक मिळाला तरी चालेल.

शैलाकाकू: नाना थांबा. तुम्ही गणपतीत तो ग्रुपवर टाकला होता बहुतेक. मी काही डिलीट करत नाही, मुलगा ओरडतो फोन भरला म्हणून.

शैलाकाकू: 📷

शैलाकाकू: हाच का? धुरकट आहे थोडा.

नानाकाका ए-१०२: हाच. लोटा दिसतोय.

मोनू भिया: नाना डाव्या कोपऱ्यात निळा शर्ट कोण

नानाकाका ए-१०२: सेक्रेटरींचे वडील.

वहिनी सी-१०१: अय्या, सेक्रेटरी बघा हो!

सेक्रेटरी: पाहिला. मोठा करून पाठवता येईल का काकू, कोणत्याही अ‍ॅपवर चालेल.

बंटी: काकू तो फोटो आत्ता मला मेल करा, ग्रुपवर क्वालिटी जाते. मी रात्री डिस्कवर घेतो. बाकी कोणाकडे नानांचे जुने फॉरवर्ड असतील तर शोधा, सगळे एका ठिकाणी करू.

सेक्रेटरी: २४ पैकी २३ फ्लॅटचे ३५० आले. फक्त बी-१०४ बाकी.

अप्पा बी-२०३: बी-१०४ म्हणजे?

मोनू भिया: स्वतःचं बोरिंग 😄

बंटी: क्यूआर पाठवा साहेब